खाऱ्या पाण्यासाठी रीळ: स्पिनिंग की ओव्हरहेड?

किनाऱ्यावरून किंवा खडकावरून गळ फेकणार असाल तर स्पिनिंग रीळ घ्या. होडीतून खोल पाण्यात दोरी सोडणार असाल तर ओव्हरहेड. दोन्ही करणार असाल, तर पहिलं रीळ स्पिनिंगच घ्या.

स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली असतं. फेकताना त्याचं स्पूल (दोरी गुंडाळलेली चकरी) फिरत नाही, दोरी कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जाते. त्यामुळे हलकं आमिषही लांब जातं आणि नवशिक्याचा हात लवकर बसतो. ओव्हरहेडमध्ये स्पूल स्वतःच फिरतं. आमिष पाण्यावर टेकलं आणि अंगठा वेळेवर दाबला गेला नाही, की स्पूल फिरतच राहतं आणि दोरीचा असा गुंता होतो की शेवटी कात्रीच काढावी लागते. सुरुवातीला माझ्या कितीतरी पहाटा त्यातच गेल्या.

पण तळाशी दडी मारलेला जड मासा वर काढताना ओव्हरहेडला तोड नाही. त्यात दोरी सरळ स्पूलवर येते, तर स्पिनिंगमध्ये रोलरवरून काटकोनात वळून. स्पिनिंगची आणखी एक खोड आहे: मासा दोरी ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिलात तर दोरीला पीळ पडतो. चालत्या होडीमागे आमिष ओढायचं असेल तर लिव्हर ड्रॅगचं ओव्हरहेड बघा. ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणालाच दोरी सुटू देणारा ब्रेक. ड्रॅग किती लागलाय ते लिव्हरच्या जागेवरून चटकन कळतं.

गिअरचं गणित सोपं आहे. 6.2:1 म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पिनिंगचा रोटर (स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणारा भाग) किंवा ओव्हरहेडचं स्पूल 6.2 वेळा फिरतं. आमिष भरभर ओढायला हे बरं. ओझं खेचायला 4 ते 5 च्या आसपासचा आकडा जास्त जोर देतो.

खोक्यावर बेअरिंगची संख्या ठळक छापलेली असते. तिच्यावर जाऊ नका, ड्रॅग तपासा. तो हलका लावून दोरी हाताने हळूहळू ओढा. ती सुटतानाच झटका बसला, तर मोठ्या माशाच्या पहिल्या धावेत याच झटक्याने दोरी तुटेल. कार्बनच्या चकत्यांचा ड्रॅग सहसा गुळगुळीत चालतो. 12 किलो ताकदीच्या दोरीला ड्रॅग 3 ते 4 किलोंवर लावायचा, तोही अंदाजाने नाही, ताणकाट्यावर मोजून.

खारं पाणी आत शिरलं तर उत्तम गिअरही टिकत नाहीत. माझं एक जुनं रीळ उघडलं तेव्हा स्पूलखाली मिठाचा पांढरा थर होता आणि बेअरिंग कुरकुरत होतं. म्हणून सीलबंदी बघूनच घ्या. पेन (Penn) कंपनीचं स्पिनफिशर 6 आयपीएक्स5 दर्जाचं आहे, म्हणजे पाण्याचे फवारे सोसणारं. स्लॅमर 4 आयपीएक्स6, आणखी जोरदार फवाऱ्यांसाठी. लाटांत उभं राहून मासेमारी करणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा, होडीवाल्याला तितकासा नाही.

ग्रॅफाइटचं रीळ हलकं असतं, गंजत नाही, पण जोर पडला की किंचित वाकतं आणि गिअर नीट बसत नाहीत. ॲल्युमिनियम ताठ राहतं, मात्र रंग उडाला तिथून खारं पाणी त्याला खातं. मोठ्या माशामागे असाल तर मी ॲल्युमिनियमच म्हणेन. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, आणि वाळलं की ड्रॅग सैल करून ठेवा.