जाळीला पोचा, बिल कॅप्सूलचं

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत शुअर एसएम 58 हा गाण्याचा माईक स्टँडवरून पडला. जाळीला पोचा आला, आवाज मात्र खणखणीत होता. दुरुस्तीवाल्याने माईक न उघडताच "कॅप्सूल गेली" (म्हणजे आवाज पकडणारा आतला भाग) म्हणून सांगितलं, अडीच हजार घेतले आणि चार दिवसांनी नवी जाळी लावून माईक परत दिला. त्याचं नाव इथे घेत नाही, पण गणपतीच्या तोंडावर सगळे घाईत असतात, तेव्हा ही लबाडी कशी चालते ते नीट समजून घ्या.

हा माईक आणि दुसरा एक एकाच गायकासमोर लावल्यावर गोम कळली. आवाजातला खर्ज गायब! मिक्सरवर एका चॅनेलचं फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबलं की खर्ज परत येई. म्हणजे कॅप्सूलच्या दोन तारा उलट जोडलेल्या. माईक उघडला, तर मूळच्या पिवळ्या-हिरव्या तारांच्या जागी लाल-काळ्या. कॅप्सूल रबराच्या शॉकमाउंटमध्ये (धक्के शोषणाऱ्या बैठकीत) तरंगायला हवी, ती ग्लूगनच्या गोंदाने घट्ट चिकटवलेली. त्यामुळे दांड्याला बोट लागलं तरी धप्प ऐकू येई. चांगली मूळ कॅप्सूल काढून घेऊन स्वस्तातली बसवली होती, आणि तिचेच पैसे लावले होते.

खरं तर हा पोचा घरी अर्ध्या तासात निघतो. जाळी डावीकडे फिरवून सोडवा आणि लगेच कॅप्सूलवर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवा. आत चुंबक असतो, टेबलावरचा लोखंडाचा कीस तो ओढून घेतो आणि मग आवाज खरखरतो. जाळीतला फोम काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, रात्रभर वाळू द्या. घडी घातलेल्या नॅपकिनवर जाळी ठेवा आणि मोठ्या चमच्याच्या पाठीने आतून दाबा. आधी पोच्याची कड, मग मध्य, थोडं थोडं. बाहेरून पक्कडीने ओढलं की जाळीच्या तारा सांध्यातून सुटतात. तार तुटलीच तर फक्त जाळी बदला, कॅप्सूलला हात लावायचं काहीच कारण नाही.

कंडेन्सर माईकचं, म्हणजे वीजपुरवठा लागणाऱ्या नाजूक माईकचं, काम वेगळं. मिक्सरकडून येणारा 48 व्होल्टचा पुरवठा बंद केल्याशिवाय तो उघडू नका. त्याचा डायाफ्राम, म्हणजे आवाजाने थरथरणारा पडदा, काही मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावर ब्लोअर मारून "सर्व्हिसिंग" करणाऱ्याकडून माईक तिथल्या तिथे परत घ्या. रिबन माईक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) तर फुंकरीनेही बिघडतो.

दुरुस्तीला देण्याआधी 15 सेंटिमीटरवरून, गेनचा (मिक्सरवर आवाज किती वाढवला त्याचा) आकडा लिहून ठेवून, एकच वाक्य रेकॉर्ड करा. परत आल्यावर त्याच गेनवर तेच वाक्य पुन्हा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐका. जाळी काढून कॅप्सूलचे, आणि दिसत असतील तर तारांचे रंग व सोल्डरिंग यांचे, जवळून फोटो काढा, पावतीवर "फक्त जाळी" असं लिहून घ्या. काही बदललं तर जुना भाग हातात मागा. द्यायला टाळाटाळ झाली की समजा, तो भाग चांगलाच होता.

या स्टुडिओकडे असा एकही फोटो नव्हता. दुरुस्तीवाल्याने निम्मे पैसे परत केले, पण "तुमच्या माईकमध्ये हीच कॅप्सूल होती" या बोलण्यावर तो अडून राहिला. मूळ कॅप्सूल परत मिळाली नाही.