चिंग घराण्याचा अस्त: व्याख्यानमाला पैसे वसूल, खुर्च्या नापास

टिळक रोडजवळच्या एका हॉलमध्ये चीनच्या चिंग राजवटीच्या अस्तावर चार संध्याकाळची व्याख्यानमाला झाली. फी आठशे, चहासकट. माझी सगळी नोकरी बँकेच्या फॉरेन एक्स्चेंजमध्ये झाली, त्यामुळे राजवाड्यातल्या भानगडींपेक्षा मला हिशेबात रस.

पहिला दिवस ठीक. १७९३ मध्ये ब्रिटिश वकील मॅकार्टनी नजराणे घेऊन आला, चिएनलुंग बादशहाने त्याला वाटेला लावलं. पण तो दरबारात किती वाकला यावर अर्धा तास?

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रोजेक्टर बंद करून खडू घेतला आणि मी सरसावून बसले. शेतकऱ्याच्या हातात तांब्याची नाणी, सारा मात्र चांदीच्या हिशेबात. अफूपायी चांदी बाहेर जायला लागली तशी ती महागली. सरकारी भाव एका टेलला (चांदीचं चिनी वजन) हजार नाणी, १८४० च्या दशकात बाजारात दोन हजारांच्या वर. कागदावर सारा तेवढाच, भरणाऱ्याला दुप्पट! १८५० नंतरच्या तायपिंग बंडाला, म्हणजे चिंग राजवटीविरुद्धच्या मोठ्या उठावाला, माणसं कुठून मिळाली ते मग वेगळं सांगावं लागलं नाही.

अफूतली बरीचशी आपल्या माळव्याची, मुंबई बंदरातून जाणारी. त्या व्यापारात गबर झालेल्यांत जमशेटजी जीजीभॉय होते आणि पुण्यातला बंडगार्डनचा बंधारा त्यांच्याच देणगीतला, १८५० चा. "अहो, आम्ही रोज तिथेच फिरायला जातो," शेजारचे काका जरा मोठ्यानेच म्हणाले.

परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर परकीय सत्तांनी चीनवर लादलेल्या १९०१ च्या कराराला आणखी वेळ हवा होता. दंड ४५ कोटी टेल, ३९ वर्षांचे हप्ते, व्याज ४ टक्के, तारण मुख्यतः सागरी जकातीचं. त्या जकात खात्याचा प्रमुख १८६३ पासून रॉबर्ट हार्ट, ब्रिटिश माणूस, पगार चिनी सरकारचा. असलं कर्जखातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. सरांनी ते दहा मिनिटांत उरकलं आणि त्सशी राजमातेच्या कारस्थानांत शिरले. शेवटी सहा वर्षांच्या पुयीचं, म्हणजे शेवटच्या बादशहाचं, १९१२ चं पदत्यागपत्र घाईघाईत वाचून संपवलं.

खुर्च्या लग्नाच्या मांडवातल्या, पाठ धरते. नकाशे इतके पुसट की कँटन कुठलं नि शांघाय कुठलं कळेना. चहा मात्र आल्याचा, गरम.

पुढची तुकडी लागली तर फक्त दुसऱ्या दिवसाचं तिकीट देतात का विचारा. नाही म्हणाले तरी आठशे द्या, आणि खांबामागे बसू नका. फळा दिसत नाही.