सात रस्त्याजवळचा प्राण्यांचा दवाखाना, बिल हप्त्यात घेतलं
भावाला दिसत नाही, सहा वर्षं झाली आमचा कुत्रा शेरूच त्याला जिना, गटार, रिक्षा सगळ्यातनं सांभाळून नेतो. उन्हाळ्यात शेरूला गोचीड ताप झाला, नाकातनं रक्त, प्लेटलेट 40 हजार (कुत्र्याच्या दोन लाखाच्या वर पाहिजेत). आधी एका ठिकाणी नेलं तर ॲडमिटच्या अगोदर 15 हजार भरा म्हणले, वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला, कुठनं आणायचे ओ एवढे? इथं डॉक्टरांनी पहिलं सलाईन लावलं मग पैशाचं बोलले, 6800 चार हप्त्यात. डॉक्सीसायक्लिनची (अँटिबायोटिक) गोळी 28 दिवस, जेनेरिक घ्या चालतंय, पोटात काहीतरी असतानाच द्या नाहीतर उलटी होते हे दोनदा सांगितलं. भाकरीत दडवली तर शेरू भाकरी खाऊन गोळी बाजूला टाकायचा, आई म्हणली शेंगाचटणी लावते, डॉक्टर फोनवर ओरडलेच, लसूण कुत्र्याला विष असतंय म्हणून. मग उकडलेल्या अंड्यात गेली बरोबर. बसायला जागा नाही, पंखा एकच, रविवारी बंद, म्हणून एक स्टार कमी. काल पट्टा बाहेर काढला तर शेरू स्वतःच दारात जाऊन उभा, भावाची काठी कोपऱ्यातच राहिली.