टाइमटेबल आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी लाइव्ह जोडल्या: वर्षभर वापरून काय वाटतं

आमच्या कॉलेजात टाइमटेबलचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींची सिस्टिम दुसरीची. गेल्या जूनपासून दोन्ही जोडून चालवतोय. जोडणी घेण्यासारखी आहे, पण 'रिअल टाइम' या शब्दावर भाळून घेऊ नका. कुठली माहिती कुणाच्या ताब्यात, हे ठरलेलं नसेल तर चुकासुद्धा रिअल टाइममध्येच पसरतात.

2024-25 पासून मुंबईतल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशा ज्याच्या-त्याच्या निवडीच्या विषयांच्या खिचडीत 'एक डिव्हिजन, एक टाइमटेबल' हा प्रकारच संपला. पोरगं ओपन इलेक्टिव्ह बदलतं, ऑफिसात तशी नोंद होते, पण सरांच्या हजेरीच्या यादीत त्याचं नाव येत नाही. मग तास नियमित बसूनही 75 टक्क्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव झळकतं आणि आई-वडील ऑफिसच्या खिडकीशी. आता क्लार्कने 'सेव्ह' दाबलं की मिनिटाभरात यादी बदलते. एवढ्यावरच पैसे वसूल झाले.

कंपनीचा आग्रह होता की सगळीच माहिती दोन्ही बाजूंनी जाऊ-येऊ द्या. आम्ही नाही म्हटलं. प्रवेश आणि विषयनिवड फक्त नोंदींच्या सिस्टिममध्ये बदलायची. तास, वर्ग, शिक्षक आणि प्रॅक्टिकलच्या बॅच फक्त टाइमटेबलमध्ये. दुसरीकडे ती नुसती दिसते. त्यामुळे 'कुणाचं खरं' हा वाद उरला नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ओळख क्रमांकाने. मुंबई विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, सोळा आकडी. एक्सेल पंधराच आकडे नीट धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसवतं. म्हणजे कुणी एक्सेलमधून यादी चढवली की शेवटच्या आकड्यापुरता फरक असलेली पोरं एकमेकांत मिसळतात. तो कॉलम 'टेक्स्ट' ठेवणं हाच उपाय. शिवाय एफवायच्या पोरांना पीआरएन उशिरा मिळतो, तोवर तास तर सुरू झालेले असतात. म्हणून जुळणी कॉलेजच्या स्वतःच्या आयडीवर करायची आणि पीआरएन मागाहून जोडायचा. नावावर जुळणी? अजिबात नको. एकाच वर्गात तीन 'साक्षी पाटील' निघतात.

वेबहुकचा, म्हणजे एका सिस्टिममध्ये बदल झाला की तिने दुसरीला आपोआप निरोप धाडण्याचा, मामला बरा आहे, पण त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नये. पोच वेळेत मिळाली नाही की तोच निरोप पुन्हा येतो आणि एकच मुलगी बॅचमध्ये दोनदा दिसते. प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक असावा आणि आधी आलेला क्रमांक सिस्टिमने टाकून द्यावा, ही सोय कंपनीने पाठपुरावा केल्यावर दिली. उशिरा का होईना, दिली. वेळेचाही घोळ होता: सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, त्यामुळे सकाळी सातचं लेक्चर काही फोनवर रात्री दीडला दाखवत होतं. विरारहून पहिली लोकल पकडणाऱ्यांनी त्यावर भरपूर मीम्स केले.

रात्री दोन्हीकडच्या याद्या ताडून फरकाचा अहवाल काढणारं काम आम्ही वेगळं लावलंय. सकाळी क्लार्क मॅडम चहाबरोबर तो बघतात. बहुतेक दिवशी कोरा असतो, पण तो बंद करा असं त्या म्हणू देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

तुम्ही घेणार असाल तर डेमोत एक गोष्ट करायला लावा. पंधरा मिनिटं नेट तोडायचं, दोन्हीकडे दोन-चार बदल करायचे, मग नेट जोडायचं. सगळे बदल बरोबर क्रमाने आणि एकेकदाच आले, तरच किमतीचं बोलणं सुरू करा.