दोन नाटकांच्या मधे: मिसळ की थाळी?

रविवारी ठाण्यात गडकरी रंगायतन नाट्यगृहात दुपारचा साडेचारचा प्रयोग आणि रात्रीचा साडेआठचा, अशी दोन्ही तिकिटं काढली, की हातात उरतो जेमतेम दीड तास. दोन अंकी नाटक लांबलं तर तोही नाही.

पहिला पर्याय 'मामलेदार मिसळ' हे मिसळीचं हॉटेल. तलावपाळीवरून, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाने, रमतगमत चालत जाता येतं, त्यामुळे रविवारच्या गर्दीत रिक्षा शोधायची कटकट नाही. ऑर्डर देतानाच 'कमी तिखट' सांगून टाका. नाहीतर पुढचं नाटक शोकांतिका नसतानाही डोळे पुसत बसाल. वाटीत आधी उसळ, वर फरसाण, त्यावर लालभडक रस्सा. पाव बुडवून खाईपर्यंत फरसाण मऊ पडतंच, पण पहिले चार घास कुरकुरीत मिळतात आणि खरी मजा तिथेच आहे. इथे गप्पा मारत बसायचं नसतं, मागे माणसं उभी असतात. फक्त हॉटेलवाले लवकर आवरतात, तेव्हा रविवारची वेळ आधी विचारून ठेवा आणि पहिलं नाटक संपलं की थेट निघा.

दुसरा पर्याय गोखले रोड किंवा राम मारुती रोडवरच्या एखाद्या हॉटेलात थाळी. बरोबर आई-बाबा असतील तर हेच बरं: बसायला खुर्ची, एसी, वरणभात. पण रविवारी संध्याकाळी नंबर लावावा लागतो आणि भरल्या पोटी दुसऱ्या नाटकाच्या पहिल्या अंकात हमखास डुलकी लागते.

मी एकटी असले तर मिसळच. वर तलावपाळीला एक कुल्फी.