कास, ठोसेघर आणि घरचा गणपती: ५० ची प्राइम की २४-१०५ चा झूम?

नुसता शार्पनेस मोजायचा तर प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, पुढे, यात वाद नाही. (मिमीचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं, लहान तितकं जास्त मावतं.) ५० मिमी एफ/१.८ चं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/२.८ पर्यंत मिटलं की फ्रेमचा मधला भाग इतका कोरीव येतो, की २४-१०५ एफ/४ झूमला तिथवर पोचायला एफ/५.६ किंवा ८ लागतो. किंमत आणि वजन दोन्हींचं माहीत असेलच, ते सोडून देऊ. लेन्स साताऱ्याच्या आसपास वापरायची असेल, तर हा कोरीवपणा शेवटच्या फोटोत किती उरतो ते बघायला हवं.

प्राइमवाले सांगतात, झूम पायांनी करायचा. कासच्या पठारावर हे चालत नाही. आखलेल्या वाटेवरून खाली उतरायचं नाही, आणि उतरूही नये. कातळावरच्या इंच-दोन इंच मातीत सीतेची आसवं आणि गेंद ही फुलझाडं उभी असतात, एका पावलात बोटभर उंचीची कितीतरी रोपं जातात. मग वाटेवरूनच ५० ने फोटो घ्यायचा आणि घरी क्रॉप करायचा. माझा निर्णय या क्रॉपच्या कटकटीनेच झाला. ५० च्या फोटोतून १०० मिमीएवढी चौकट कापली की क्षेत्रफळ चौथाई राहतं, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात. त्यात लेन्सची बारीक चूक, हाताची थरथर, नॉइज (फोटोतले दाणे), सगळं दुप्पट मोठं दिसतं. त्याच जागेवरून झूम १०५ ला नेऊन एफ/५.६ वर घेतलेला फोटो पूर्ण २४ मेगापिक्सेलचा असतो. कागदावर प्राइम कितीही सरस असली तरी हे अंतर ती भरून काढते असं मला दिसलेलं नाही. ठोसेघरलाही तेच. धबधबा दरीपलीकडे, आपण कठड्याशी. पुढे जायला वाट नाही. आणि पठार आभाळासकट हवं असेल तर ५० अपुरी पडते. मागे सरकून फरक पडत नाही, आणि फोटो जोडून पॅनोरमा करावा तर वाऱ्याने फुलं हललेली असतात.

एफ/१.८ चा उपयोग फुलांना होईल असं वाटतं, पण ५० सेंटिमीटरवरून ५० मिमीने एफ/१.८ ला फोकसची खोली (स्पष्ट येणाऱ्या भागाची जाडी) जेमतेम १ सेंटिमीटर मिळते. वाऱ्यात फूल तेवढं सहज पुढेमागे होतं. एफ/८ ला ती ४ सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणून काम तिथेच करावं लागतं. एफ/८ ला दोन्ही लेन्सचे फोटो शेजारी ठेवले तर ओळखणं अवघड आहे, अगदी कोपरे सोडले तर. हलतं फूल गोठवायला १/५०० सेकंदाचा शटर-वेग लागतो. ढगाळ उजेडात त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की नॉइजही वाढतो) ८०० च्या पुढेमागे, धुक्यात आणखी वर.

प्राइम निर्विवाद जिंकते ती घरात. गौरी-गणपतीची आरास, समईचा उजेड: झूमला एफ/४ वर १/१२५ साठी आयएसओ ६४०० लागत असेल, तर एफ/१.८ ला १२५० पुरतो. मखरातला जरीचा धागा वेगळा दिसतो तो यामुळे. झूमचं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर थांबवतं, आरती ओवाळणारा हात नाही. तुमचं बहुतेक काम असंच असेल, किंवा बारसं-मुंजीतले चेहरे असतील, तर प्राइम घ्या. एफ/१.८ ला कडांवर थोडी जांभळी झाक येते, एफ/२.८ पर्यंत ती बरीच जाते.

झूमचे दोष लपवत नाही. १०५ च्या टोकाला एफ/४ वर तो मऊ असतो. २४ ला वाकलेल्या रेषा सॉफ्टवेअर सरळ करतं, त्यात कोपरे ताणले जातात. नळी बाहेर येताना हवा आत ओढते, हवेबरोबर धुक्यातला ओलावाही. म्हणून नळी आत नेण्याआधी कोरड्या कापडाने पुसावी, आणि घरी लेन्स सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. दोन प्राइम घेऊन भुरभुरत्या पावसात लेन्स बदलण्यापेक्षा हे सोपं वाटतं. तसं बदलताना सेन्सरवर बसलेला कण एफ/११ च्या आभाळात ठिपका होऊन दिसतो.

झूममध्ये भिंगांचे गट सरकतात, त्यामुळे एखाद्या नगात भिंग किंचित कललेलं निघतं. ते तपासूनच घ्या. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर लावा, स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ १००, २ सेकंदांचा टायमर. २४, ५० आणि १०५ ला, एफ/४ आणि एफ/८ वर फोटो घ्या आणि चारही कोपरे १०० टक्क्यांवर बघा. एकच कोपरा एफ/८ लाही धूसर असेल तर कॅमेरा उलटा करून तोच फोटो पुन्हा घ्या. धूसरपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष लेन्सचा, कोपरा बदलला तर तुमची मांडणी तिरकी. लेन्सचा निघाला तर नग बदलून घ्या. अ‍ॅपर्चर मिटून तो दोष पुरता जात नाही.