आटायचं ते आटलेलं: कोल्हापुरात जुने कपडे घेताना

शेजारच्या गांधीनगरात नवा शर्ट घाऊक भावात मिळत असताना कुणाचं वापरलेलं कशाला घालायचं, ही कोल्हापुरातली ठरलेली हरकत. शर्टापुरती ती खरीच आहे. साधे शर्ट, टी-शर्ट, लेगिंग ताडपत्रीवरच्या ढिगातून उचलू नयेत. थोडे पैसे वाचतात आणि हातात येतो निम्मं आयुष्य सरलेला कपडा. ढिगाची खरी कमाई जाड आणि नवा घेताना महाग पडणाऱ्या कापडात आहे, म्हणजे सुती जीन्स, लोकरीचा ब्लेझर, रेशमी साडी.

नवी सुती जीन्स पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटते, रंग सोडते, कधी पायाची शिवण पीळ खाऊन पुढे येते. जुनीचं हे सगळं होऊन गेलेलं असतं. आटायचं ते आटलं, जायचा तो रंग गेला, आता दिसते तशीच ती राहणार. एवढी खात्री नव्या कपड्याची दुकानदारही देत नाही.

पाहायची मात्र उलटी करून. मांड्यांमधली शिवण उजेडाकडे धरा. डेनिमचे उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. घासून निळे झिजले की पांढरे उघडे पडतात आणि जीन्स फाटते ती तिथंच. रफू होतं, पण चालताना टोचतं. मग गुडघ्यावर कापड ताणून सोडा. लाट तशीच राहिली किंवा केसासारखे रबरी धागे बाहेर डोकावले तर आतलं इलॅस्टेन तुटलंय, त्याला इलाज नाही. चेन पाचदा खालीवर करा. ती बदलून मिळते, पण मजुरी भावातून वजा करूनच घासाघीस करायची.

रेक्झिनचं जॅकेट फुकट दिलं तरी नको. त्याच्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेनं आतून कुजत जातो, आणि इथले चार पावसाळे कपाटात काढलेलं जॅकेट बाहेरून चकचकीतच दिसतं. कॉलरच्या घडीवर नख घासा, पापुद्रे निघाले की खाली ठेवा. ब्लेझरच्या छातीवर फुगे दिसले तर आतलं चिकटवलेलं अस्तर सुटलंय. इस्त्रीनं ते चार दिवस बसतं, एवढंच.

‘एक्स्पोर्टचा माल आहे, वापरलेला नाही’ हे वाक्य ऐकायला मिळणारच. तेव्हा खिसा उलटा करून शिवणीच्या कोपऱ्यातला कापूस आणि धुण्याच्या सूचनांची पट्टी बघा. पट्टीवरची अक्षरं पुसट झालेली असतील तर माल धुतलेला आहे. ढिगाशेजारी ट्रायल रूम नसते आणि परतीचं नाव नसतं, म्हणून लेबलवरचा नंबर विसरा आणि खिशात टेप ठेवा. काखेपासून काखेपर्यंत 21 इंच भरले तर छातीचा घेर 42. पँटची कंबर दोनेक इंच आत घेता येते, पण सैल करायची तर मागच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, हवी. खांदा उतरलेला ब्लेझर सोडून द्या. त्यासाठी बाह्या उकलाव्या लागतात आणि शिलाई कपड्याच्या भावावर जाते.

साडी दाखवताना विकणारा पदर पुढे करतो, तुम्ही घड्या बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम तिथंच चिरतं. हलकेच ताणल्यावर धागे सरकले तर नेसायला ती गेली. विरलेलं सुती लुगडं मात्र जरूर घ्या, वाकळ शिवायला नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही.

खरेदी शक्यतो नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि बुरशीचे काळे ठिपके सुती कापडातून सहसा निघत नाहीत. आणलेली पिशवी पलंगावर ओतू नका, तिच्यातून ढेकूण घरात येतात. सुती कपडे थेट 60 अंशांच्या पाण्यात अर्धा तास. कुबट वास असेल तर आधी अर्ध्या बादलीत एक कप व्हिनेगर घालून भिजवा. त्यात ब्लीच चुकूनही घालू नका, विषारी वायू निघतो. लोकरीला गरम पाणी लावलं तर स्वेटर पोराच्या मापाचा होईल. डांबरगोळीचा वास धुऊन पुरता जात नाही, तो वाऱ्यानं जातो. त्यामुळे ब्लेझर आठवडाभर सावलीत, हँगरला, दाराजवळ.